नळाचा गॅस, बंब आणि उन्हाचे पाणी

मंडळी, सकाळी घरात पहिला विस्तव कशासाठी पेटतो? एक चहासाठी, आणि दुसरा अंघोळीच्या पाण्यासाठी. आपल्याकडे थंडी पडते ती दोन-अडीच महिने. निफाड-नाशिककडे आणि विदर्भात ती जरा कडाक्याची असते, एवढेच. घर तापवण्यासाठी आपण कुणी मुद्दाम यंत्र बसवत नाही. पण ऊन पाणी मात्र बहुतेक घरांत बारा महिने लागते. म्हणून घरातल्या उष्णतेचा हिशेब मांडायचा तर स्वयंपाकघर आणि न्हाणीघर अशा दोन जागा डोळ्यांपुढे ठेवाव्या लागतात.

अलीकडे शहरांत आणि शहरांलगतच्या गावांत रस्त्याच्या कडेला चर खणून पिवळे किंवा नारिंगी नळ पुरताना तुम्ही पाहिले असेल. हे नळ गॅसचे. मग पारावर चर्चा सुरू होते. घ्यावा का हा नळाचा गॅस? सिलिंडर काय वाईट आहे? आणि आजीच्या वेळचा तो तांब्याचा बंब आता मोडीत घालायचा का? या तीन प्रश्नांचा आज आपण सावकाशीने विचार करू.

नळाचा गॅस ही काही अगदी नवी गोष्ट नव्हे, बरं का. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली गॅसचे दिवे लागले. तो गॅस दगडी कोळशापासून काढलेला असे. आजचा गॅस निराळा. हा नैसर्गिक वायू, म्हणजे मुख्यतः मिथेन. १९७४ साली मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात, बॉम्बे हाय येथे तेल सापडले, त्याबरोबर हा वायूही मिळाला, आणि समुद्राच्या तळावरून नळाने तो उरणला आणला गेला. १९९५ साली मुंबईसाठी महानगर गॅस कंपनी स्थापन झाली. २००६ साली नैसर्गिक वायूचा कायदा झाला, त्याखाली नियामक मंडळ आले, आणि कोणत्या भागात कोणत्या कंपनीने नळ टाकायचे हे ते मंडळ ठरवू लागले. आपल्याकडे जहाजाने परदेशचा वायूही येतो. तो अतिथंड करून पातळ केलेला असतो. रत्नागिरी जिल्ह्यात दाभोळला त्यासाठी बांधलेले बंदर २०१३ साली सुरू झाले.

आता हा गॅस घरापर्यंत पोचतो कसा, ते पाहू. गावाबाहेरून येणारा मोठा नळ पोलादी, आणि त्यात दाब फार. वस्तीजवळ एका ठाण्यात तो दाब उतरवतात. तेथून पुढे जमिनीखालून प्लॅस्टिकचे नळ गल्लोगल्ली जातात. तुमच्या भिंतीपाशी आणखी एक नियामक तो दाब अगदी कमी करतो. मग लोखंडी नळ, एक तोटी, मीटर, शेगडीजवळ आणखी एक तोटी, आणि शेवटी रबरी नळी. ही दोन तोट्यांची जागा घरातल्या लहानथोर सर्वांना ठाऊक असली पाहिजे. रात्री दिवे गेले तरी हात तिथे गेला पाहिजे.

जोडणी हवी असेल तर प्रथम आपल्या भागात नळ आला आहे की नाही, याची कंपनीकडे चौकशी करा. अर्जाबरोबर ओळखीचा पुरावा आणि घराचा पुरावा लागतो. घर भाड्याचे असेल तर मालकाची संमती घ्यावी. चाळ किंवा सोसायटी असेल तर सर्वांचा मिळून ठराव झाला म्हणजे काम लवकर होते. अनामत रक्कम भरावी लागते. ती परत मिळणारी असते, म्हणून पावती जपून ठेवा. नळाची ठराविक लांबी ठरलेल्या आकारात बसते, त्याहून जास्त लागली तर जादा पैसे पडतात. तेव्हा माणूस मोजमापाला येईल त्याच दिवशी मीटर कुठे, शेगडी कुठे, नळ कुठून, हे त्याच्याबरोबर उभे राहून ठरवा. नळ बसल्यावर तो दाबाखाली तपासतात. ही तपासणी आपल्या डोळ्यांदेखत करून घ्या. त्यात संकोच कसला?

एक महत्त्वाची गोष्ट. सिलिंडरची शेगडी तशीच उचलून नळाच्या गॅसला जोडता येत नाही. सिलिंडरच्या वायूत तेवढ्याच घनफळात नळाच्या वायूच्या अडीच-तीन पट उष्णता असते, आणि शेगडीपाशी त्याचा दाबही अधिक असतो. म्हणून नळाच्या गॅससाठी बर्नरखालच्या जेटचे छिद्र मोठे लागते. हे जेट कंपनीचा माणूस बदलून देतो. घरी दाभणाने भोक मोठे करण्याचा उद्योग कुणी करू नये. उलट, असे जेट बसवलेली शेगडी पुन्हा सिलिंडरला जोडाल तर ज्योत भडकेल.

दोन्ही वायूंचा स्वभावही निराळा. सिलिंडरचा वायू हवेपेक्षा जड. तो गळला तर जमिनीलगत, ओट्याखाली, मोरीत साचतो. नळाचा वायू हवेपेक्षा हलका, तो वर जातो. म्हणून नळाच्या गॅसच्या घरात छताजवळ झरोका उघडा हवा, आणि सिलिंडरच्या घरात जमिनीलगत वारा खेळता हवा. दोन्हींना मुद्दाम उग्र वास दिलेला असतो. तो आला की तोटी बंद करा, दारे-खिडक्या उघडा, काडी ओढू नका, आणि विजेचे बटण चालू करू नका, तसेच बंदही करू नका. घराबाहेर येऊन मगच फोन करा. सिलिंडरसाठी १९०६ हा क्रमांक आहे. नळाच्या गॅसचा तातडीचा क्रमांक तुमच्या बिलावर छापलेला असतो. तो भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

आता पैशाचा विचार. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला जी उष्णता लागते तिला आपण एक उष्मांक म्हणू. घरात सहा माणसे आहेत, प्रत्येकाला एक बादली, म्हणजे १५ लिटर. पाणी २० अंशांवरून ४२ अंशांवर न्यायचे. सहा बादल्यांचे झाले ९० लिटर, त्याला गुणिले २२, म्हणजे दिवसाला सुमारे २,००० उष्मांक. हे काम वेगवेगळ्या विस्तवांनी करायचे तर महिन्याला काय लागेल?

नळाच्या गॅसच्या एका घनमीटरात सुमारे ८,८०० उष्मांक असतात. त्यातला पाचवा हिस्सा वाया जातो असे धरले तर महिन्याला साधारण साडेआठ घनमीटर लागतील. सिलिंडरच्या वायूचे पावणेसात किलो, म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरचा जवळजवळ अर्धा भाग. विजेच्या टाकीला सुमारे ७५ युनिट. आणि तीन दगडांच्या उघड्या चुलीवर उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा भांड्याला लागतो, तेव्हा वाळलेले लाकूड दिवसाला पाच किलो, महिन्याला दीडशे किलो! बंबाचे तसे नाही. त्यात विस्तवाची नळी पाण्याच्या मधोमध असते, म्हणून लाकूड पुष्कळ कमी लागते. आपल्या जुन्या कारागिरांची ही युक्ती वाखाणण्यासारखी आहे.

भाव मी सांगत नाही, कारण ते बदलतात. तुमच्या बिलावरचा आजचा भाव घ्या आणि वरच्या आकड्यांना गुणा. स्वयंपाकाचा हिशेब सोपा आहे. एक सिलिंडर म्हणजे नळाच्या गॅसचे साधारण १७ ते १८ घनमीटर. त्यात दरमहाचा स्थिर आकार असल्यास तोही मिळवा. सिलिंडर संपण्याची धास्ती नाही, जिन्यावरून वाहून नेणे नाही, हा नळाचा फायदा पैशात मोजता येत नाही, पण तोही खरा आहे.

ज्या गावी नळ येणार नाही त्यांनी खट्टू होण्याचे कारण नाही. दारात चार-पाच जनावरे असतील तर रोज ५० किलो शेणावर दोन घनमीटरांचे गोबरगॅस संयंत्र चालते. लहान कुटुंबाचा स्वयंपाक त्यावर होतो, आणि मळी शेताला मिळते. थंडीत मात्र गॅस कमी येतो, हे धरून चाला. मुंबईत माटुंग्याला १८९७ साली मैल्याच्या गॅसवर दिवे लावले होते, तेव्हा ही विद्याही आपल्या मातीत जुनीच म्हणायची. आणि पाण्यासाठी सूर्य आहेच. छपरावर सुमारे दोन चौरस मीटरचा सौर बंब चांगल्या उन्हाच्या दिवशी शंभर लिटर ऊन पाणी देतो. सुरुवातीचा खर्च मोठा, पुढे इंधन फुकट. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, त्याला दुसऱ्या साधनाची जोड लागते. विहिरीचे पाणी क्षारांचे असेल तर नळ्यांत खर बसते, ती काढून घ्यावी लागते.

आता शेवटची गोष्ट, आणि मंडळी, ही सर्वांत महत्त्वाची. गॅस कोणताही असो, तो जळायला हवा लागते. एक घनमीटर नैसर्गिक वायूला जवळजवळ दहा घनमीटर हवा. चार फूट बाय सहा फूट आणि आठ फूट उंच अशा न्हाणीघरात हवा असते ती साडेपाच घनमीटरच. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गॅसचा गीझर तिथे दार-खिडकी लावून पंधरा मिनिटे चालला, तर जवळजवळ तीन घनमीटर हवेतला प्राणवायू तो खाऊन टाकील. त्याच्या पुष्कळ आधी ज्योत पिवळी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होऊ लागतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या लाल द्रव्याला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखते, गरगरते, मळमळते, आणि माणूस कडी काढायच्या आत खाली बसतो. अशाने घरोघरची तरणी माणसे गेली आहेत. म्हणून गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवा. फक्त पाण्याचा नळ आत न्या. ते जमत नसेल तर गॅसचा गीझर घेऊच नका. दुसरे साधन पाहा.

हाच धोका कोळशाच्या शेगडीचा. बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवण्याची आपली रीत आहे. थंडीत वृद्ध माणसांच्या उशाशीही ती ठेवतात. निखारे रसरशीत झाले, धूर राहिला नाही, म्हणजे आता भीती नाही, असे आपण समजतो. तसे नाही. धूर नसला तरी विष असते. दार-खिडकी लावून शेगडीजवळ कुणालाही झोपू देऊ नका. शेक द्या, तो खिडकी उघडी ठेवून द्या, आणि झोपण्यापूर्वी शेगडी बाहेर काढा.

गुरुजनांना एक विनंती. विज्ञानाच्या तासाला मुलांकडून हे करून घ्या. एक लिटर पाणी, एक उष्णतामापक आणि एक घड्याळ घ्या. शेगडीवर झाकण ठेवून आणि झाकणाशिवाय पाणी किती वेळात तापते ते मोजा. एक लिटर पाणी काळ्या डब्यात उन्हात ठेवून दुपारी त्याची उष्णता पाहा. मग मुलांना घरी पाठवा, ती दोन पाहण्यांसाठी: ज्योत निळी आहे की पिवळी, आणि न्हाणीघराचा झरोका उघडा आहे की बोळा कोंबलेला. मुलांनी विचारलेला प्रश्न घरात टाळला जात नाही.

तर मंडळी, नळ दारात आला तर हिशेब करून खुशाल घ्या. नाही आला तर गोबरगॅस, सौर बंब, सिलिंडर, आपापल्या सोयीने निवडा. तांब्याचा बंबही लगेच मोडीत घालू नका. अंगणात, मोकळ्या हवेत तो अजून कामाला येईल. विस्तव कोणताही असो, त्याला हवा द्या, म्हणजे तुमच्या माणसांना हवा उरेल.