आधी बॅटरी, मग ड्रिल

कॉर्डलेस ड्रिल घ्यायला गेलेला माणूस ड्रिलच न्याहाळत बसतो. बघायची असते बॅटरी. एका कंपनीची बॅटरी सहसा दुसरीच्या यंत्रात बसत नाही, त्यामुळे पहिली खरेदी म्हणजे जवळजवळ सोयरीकच. पुढचा ग्राइंडर, ब्लोअर त्याच घरातून आणावा लागतो.

खोक्यावरच्या आकड्यांनी हुरळू नका. 18 व्होल्ट आणि '20 व्होल्ट मॅक्स' हे एकच: आत 3.6 व्होल्टचे पाच लिथियम सेल एकापुढे एक जोडलेले. पूर्ण चार्ज झाल्यावरचा आकडा छापला की 18 चे 20 होतात. खरा साठा म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर-तास. 18 व्होल्ट, 4 अँपिअर-तास म्हणजे 72 वॉट-तास.

पडद्याचा रॉड, कपाटाचे स्क्रू एवढंच असेल तर 12 व्होल्टचं हलकं यंत्र पुरे. विटांच्या भिंतीला हॅमर ड्रिल लागतं. काँक्रीटच्या छतापुढे मात्र तेही रडतं. तिथे रोटरी हॅमर भाड्याने आणलेला बरा.

गाडीचं गणित वेगळं. छोट्या कारच्या चाकाचे नट साधारण 100 न्यूटन-मीटरला आवळतात, पण गंजलेला नट सुटताना त्याहून बराच जास्त जोर मागतो. इथे अर्धा इंची चौकोनी तोंडाचा इम्पॅक्ट रेंच हवा. स्क्रू पिळणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर नव्हे. दुकानात दोन्ही शेजारी मांडलेले असतात आणि फसगत तिथेच होते. रेंचने नट सोडवा खुशाल, पण शेवटचं आवळणं हाताच्या टॉर्क रेंचनेच. आणि मे महिन्यात बॅटरी डिकीत ठेवू नका.