अ‍ॅटलासच्या वाटेवरची डोकेदुखी

“मुलाने अ‍ॅटलास पर्वतातील पदयात्रा ठरवली आहे, मी जाऊ का?” माझ्या एका बाहत्तर वर्षांच्या रुग्णाने, एका निवृत्त शिक्षकांनी, विचारले तेव्हा मी नको म्हणाले नाही. सत्तरी उलटली की माणूस डोंगराला पारखा होतो, असे मी मानत नाही. रक्तदाब आटोक्यात होता, हृदयाच्या तपासण्या समाधानकारक होत्या. चुकले एवढेच, की मी मुलाला समोर बसवून घेतले नाही.

मोरोक्कोतील उच्च अ‍ॅटलास ही रांग मराकेश शहरापासून मोटारीने दीड-दोन तासांवर आहे, आणि हे जवळ असणेच फसवे आहे. आपले कळसूबाई १६४६ मीटर उंच. तिकडे पदयात्रा जिथून सुरू होते ते इमलिल गावच सुमारे १७४० मीटरवर वसले आहे. अक्रोडांच्या सावलीतून निघालेली वाट अरूम्ड गाव आणि सिदी शमहरूशचे श्रद्धास्थान मागे टाकून ३२०७ मीटरवरील निवाऱ्यापाशी पोहोचते. दुसऱ्या दिवशी ४१६७ मीटरचे तुबकाल शिखर. आपण हिशेब करून पाहा: झोपण्याची उंची एका दिवसात जवळजवळ दीड हजार मीटरने वाढते. तीन हजार मीटरच्या वर ती रोज पाचशे मीटरहून अधिक वाढू नये, असा वैद्यकीय संकेत आहे. तरुणांनाही हा चढ सोसतोच असे नाही.

निवाऱ्यात त्या रात्री गुरुजींचे डोके ठणकू लागले, मळमळू लागले. “पित्त झाले असेल,” असे सांगून ते पांघरूण घेऊन पडले. पहाटे उलट्या झाल्या तेव्हा मुलाला कळले. उजाडताच त्यांना खाली आणले. इमलिलला पोहोचेपर्यंत डोके उतरले होते. परतल्यावर मला म्हणाले, “मुलांचा बेत बिघडू नये म्हणून बोललो नाही.” हे वाक्य मी दवाखान्यात फार वेळा ऐकते!

म्हणून घरच्यांनो, आई-वडिलांना “बरे वाटते ना?” असे विचारू नका, उत्तर ठरलेले असते. डोके दुखते का, जेवण गेले का, झोप लागली का, असे विचारा. डोकेदुखी असताना वर चढायचे नाही. पाय लटपटू लागले, बोलण्यात गोंधळ झाला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर उजाडण्याचीही वाट न पाहता खाली उतरवा. अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी शेजाऱ्याने दिली म्हणून घेऊ नये. सल्फाची अ‍ॅलर्जी किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास ती अपायकारक ठरू शकते. लघवी वाढवणारी रक्तदाबाची औषधे चालू असतील, तर तेथील कोरड्या हवेत शरीरातील पाणी लवकर घटते. मात्रेबद्दल निघण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलावे.

आणि पुदिन्याचा चहा! तो घरोघरी प्रेमाने पुढे येतो, पण साखर किटलीतच पडलेली असते. मधुमेहींनी किटली चढण्यापूर्वीच “ब्ला सुक्कर”, म्हणजे बिनसाखरेचा, असे सांगावे. यजमान हसतात, रागावत नाहीत.

गुडघे दुखणाऱ्यांना खेचर मिळते, परंतु हाडे ठिसूळ असतील तर उतारावर त्यावर बसू नये.

गुरुजी येत्या मे महिन्यात पुन्हा निघाले आहेत. या वेळी मुक्काम अरूम्डलाच. तुबकाल मुलगा एकटा चढणार आहे.