लाल गाडीने अरण्यात

पाठीवर एक पिशवी टाकून, एस.टी.चे तिकीट काढून रानात जातो असे सांगितले की ऐकणारा पहिली चौकशी करतो ती मोटारीची. कारण स्वतःचे वाहन असल्याखेरीज अरण्य गाठता येत नाही, अशी आपल्याकडे पक्की समजूत होऊन बसली आहे. वस्तुतः पुणे, रायगड व ठाणे या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे १३१ चौरस किलोमीटर पसरलेल्या आणि १९८५ साली घोषित झालेल्या भीमाशंकर अभयारण्यात, तेथील ज्योतिर्लिंगाच्या कृपेने, एस.टी. थेट आत येते. मंचर, घोडेगाव मागे टाकून डिंभ्याचा जलाशय ओलांडला की खिडकीतून येणारा वारा ओलसर होऊ लागतो. कोकणातून चढावयाचे तर कर्जतहून खांडसपर्यंत गाडी, आणि पुढे गणेश घाटाची पायवाट.

अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान हे एकच, हा गैरसमज अधिक नुकसानकारक आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये अभयारण्यातील रहिवाशांचे काही पूर्वापार हक्क कायम राहू शकतात. म्हणूनच भीमाशंकरच्या रानात महादेव कोळ्यांच्या वस्त्या, शेते आणि देवराया आजही नांदत आहेत. राष्ट्रीय उद्यानात मात्र गुरे चारण्यासही मज्जाव असतो. सार्वजनिक रस्त्याने अभयारण्यातून जाणाऱ्या उतारूस परवाना लागत नाही, हे खरे. परंतु तेवढ्यावरून रस्ता सोडून मनास येईल तेथे तंबू ठोकण्याची मुभा मिळाली, असे कोणी समजू नये. ताडोबा हे आजच्या महाराष्ट्रातील पहिले राष्ट्रीय उद्यान, १९५५चे. तेथे चंद्रपूरहून मोहर्लीच्या प्रवेशद्वारापर्यंत एस.टी.ने जाता येते, पण आत पायी हिंडता येत नाही, आणि मंगळवारी तर उद्यान बंदच असते. उष्ण कटिबंधातले अरण्य म्हणजे बारमाही हिरवे, असे मानून वैशाखात तेथे जाणाऱ्यास पर्णहीन साग दिसतात. तेही उष्णकटिबंधीय अरण्यच, फक्त शुष्क पानझडीचे.

शेकरूसंबंधीचा गैरसमज तर शिकलेल्यांच्याही तोंडी ऐकू येतो. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी ‘उडणारी खार’ नव्हे. उडणाऱ्या खारीच्या पुढच्या-मागच्या पायांमध्ये कातडीचा पडदा असतो व ती रात्री संचार करते. शेकरू दिवसा वावरतो आणि निव्वळ स्नायूंच्या बळावर झेप घेतो. गुप्त भीमाशंकरच्या वाटेवर एका सकाळी माझ्या डोक्यावरची फांदी एकाएकी वाकली, तांबूस पाठीचा एक देह दोन झाडांमधल्या मोकळ्या आकाशातून सरळ निघून गेला, आणि पलीकडची फांदी थरथरत राहिली. झुपकेदार शेपूट तेवढी तोल सावरीत होती. काटक्यापानांची त्याची गोलसर घरटी शेंड्याकडच्या बारीक फांद्यांत असतात, कारण तेथवर जड शिकारी जनावराचा भार झाड सोसत नाही. आणि एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधीत असल्यामुळे, घरटी मोजून शेकरूंची संख्या सांगणाऱ्याचा हिशेब चुकतो.

पावसाळ्यात या रानातले कुजके ओंडके रात्री हिरवट उजळतात. ती भुताटकी नव्हे. लाकूड कुजवणाऱ्या कवकाच्या तंतूंत एका द्रव्याचा प्राणवायूशी संयोग होऊन हा उष्णतारहित प्रकाश निर्माण होतो. छायाचित्रांवरून वाटते त्याप्रमाणे तो सारे रान झगमगवीत नाही. वनखात्याची परवानगी आणि गावातला माहीतगार वाटाड्या घेऊन गेल्यावरही, विजेरी विझवून, डोळे अंधाराला सरावेपर्यंत निश्चल उभे राहावे, तेव्हा कोठे पायांजवळची एखादी ओली काटकी हळूहळू दिसू लागते.