संगणकशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण : सभासदांच्या मुलामुलींसाठी माहिती



उसाच्या बिलाचा हप्ता खात्यावर पडला की घरोघरी एक विषय निघतो. मुलगी किंवा मुलगा पदवीधर झालेला असतो, आता 'कॉम्प्युटरचं पुढचं' करायचं म्हणतो. छत्रपती संभाजीनगरला ठेवायचं, दोन वर्षांचा खर्च सोसायचा, तो कशासाठी? घरी एक कॉम्प्युटर घेऊन दिला तर भागत नाही का? प्रश्न रास्त आहे. म्हणून हे शिक्षण नेमके काय असते, ते आपल्याच धंद्यातील उदाहरणाने पाहू.

समजा, एका गटात १० फड तोडणीला आले आहेत आणि टोळी एकच आहे. आधी कोणाचा फड, मग कोणाचा? पहिला नंबर दहांपैकी कोणालाही देता येतो, दुसरा उरलेल्या नवांपैकी कोणालाही, तिसरा आठांपैकी. असा गुणाकार करत गेले की १० फडांचे क्रम होतात ३६,२८,८००. सेकंदाला दहा लाख क्रम तपासणारा संगणक असला तर चार सेकंदांच्या आत काम फत्ते. आता फड २० करा. त्याच संगणकाला सगळे क्रम तपासायला सुमारे ७७ हजार वर्षे लागतील! दसपट वेगाचा नवा संगणक आणला तरी साडेसात हजार वर्षांच्या वरच. तोवर उसाला तुरा येऊन काय होईल ते सांगायला नको.

मग आपला शेतकी मदतनीस हे कसे जमवतो? तो सगळे क्रम बघतच नाही. लागणीची तारीख, उसाची जात, ब्रिक्स, रस्त्याची वाट एवढे बघून तो नंबर लावतो. म्हणजे त्याच्याकडे एक रीत आहे. ती रीत कागदावर मांडणे, ती किती चांगली आणि कुठे फसते हे गणिताने तपासणे, आणि मग ती यंत्राला समजेल अशी लिहून देणे, हा संगणकशास्त्राचा गाभा. अशा रीतीला 'अल्गोरिदम' म्हणतात. की-बोर्ड बडवणे हा त्यातला अगदी शेवटचा भाग. एम.एस.-सी.आय.टी.चा कोर्स म्हणजे ट्रॅक्टर चालवायला शिकणे, एम.एस्सी. म्हणजे इंजिन असेच का बनवले आणि दुसऱ्या तऱ्हेने बनवता येईल का, ते शिकणे. दोन्हींची आपापली जागा आहे, पण एकाच्या पैशात दुसरे मिळत नाही.

यात आपले हितही गुंतलेले आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये एफ.आर.पी. ठरवली, आणि वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे. उतारा साऱ्या कारखान्याचा मोजतात, त्यामुळे तोडीचा क्रम चुकला तर भुर्दंड सर्वांनाच. शिवाय ज्याचा ऊस मागे राहिला त्याचे वजनही घटते. उद्या कोणी 'कॉम्प्युटरनेच नंबर लावला' म्हणाला तर तेवढ्यावर गप्प बसू नये. कॉम्प्युटर स्वतःहून नंबर लावत नाही. रीत कोणीतरी माणसाने लिहिलेली असते. ती वाचून जाब विचारणारे शिकलेले पोर गावात असलेले बरे! बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या साथीने उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला, तो २०२४ पासून गाजतो आहे. उपग्रहाची चित्रे, जमिनीतले सेन्सर, हवामान असा सगळा हिशेब त्यात येतो.

आता आपल्या विद्यापीठाविषयी. मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी सुरू झाले. त्याआधी मराठवाड्यातील महाविद्यालये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होऊन ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले. तेथे संगणकशास्त्र व माहिती तंत्रज्ञान असा स्वतंत्र विभाग आहे; पदव्युत्तर शिक्षण आणि पुढे पीएच.डी.चे संशोधन तेथे चालते.

वाटा मुख्यतः दोन, एम.एस्सी. आणि एम.सी.ए. दोन्हींना दोन वर्षे, चार सत्रे. डेटाबेस, नेटवर्क, ऑपरेटिंग सिस्टीम, मशीन लर्निंग दोन्हींत येते. एम.एस्सी.चा कल शास्त्राकडे व संशोधनाकडे, तर एम.सी.ए.चा सॉफ्टवेअर बनवण्याकडे. एम.सी.ए.ला राज्याच्या सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. गणित कच्चे असेल तर दोन्हीकडे दमछाक होते, हे मुलाला आधीच स्पष्ट सांगावे.

पैशाच्या बाजूने मात्र मोठा फरक पडतो, आणि तोच पुष्कळांना माहीत नसतो. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ई.डब्ल्यू.एस., एस.ई.बी.सी. व ओ.बी.सी. मुलींचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासनाने २०२४-२५ पासून पूर्ण माफ केले, पण ते व्यावसायिक अभ्यासक्रमांना, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतला तर. एम.सी.ए. त्या यादीत बसते. म्हणून लेकीला 'खर्च झेपत नाही' म्हणून घरी बसवण्याआधी एवढे बघाच. अल्पभूधारकांच्या मुलांना वसतिगृहासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजना आहे, तीही व्यावसायिक अभ्यासक्रमांनाच. अर्ज महाडीबीटीवर करायचा.

पदवी हातात आली म्हणजे नोकरी दारात उभी, असे नाही. पुण्यातही आता निवडून घेतात. 'नोकरीची हमी' म्हणून लाख-दीड लाख मागणारे क्लासवाले गावोगाव फिरतात. त्यांचा कोर्स कोणत्या विद्यापीठाशी संलग्न आहे ते लेखी मागावे. लेखी देत नसतील तर पाहुण्याला चहा पाजून वाटेला लावावे. प्राध्यापक व्हायचे तर एम.एस्सी.नंतर नेट किंवा सेट परीक्षा आहे.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यात २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमांत प्रत्यक्ष कामाचा अनुभव सक्तीचा झाला आहे. दोन वर्षांच्या ८८ श्रेयांकांपैकी ४ त्यासाठी राखले आहेत. हा अनुभव आपल्याच वजनकाट्यावर, ऊस नोंदणीत किंवा तोडणी कार्यक्रमात का घेऊ नये? ज्या सभासदांची मुले असे शिक्षण घेत असतील त्यांनी विभागप्रमुखांचे पत्र घेऊन गाळप सुरू होण्याआधी शेतकी कार्यालयात द्यावे, म्हणजे संचालक मंडळापुढे विषय मांडता येईल.

पदवीचा निकाल लागण्याची वाट न पाहता तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला, रहिवास दाखला आणि लागू असल्यास जातीचे व नॉन-क्रिमीलेअरचे प्रमाणपत्र काढून ठेवावे. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चनंतर नवा लागतो.