उन्हाच्या गावी बिऱ्हाड नेताना

गेल्या महिन्यात एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी दवाखान्यात आले होते. गुरुजींना रक्तदाबाचा जुना त्रास, काकूंना मधुमेह. त्या इन्सुलिन घेतात. तपासणी झाली, औषधे लिहून झाली, तरी गुरुजी खुर्चीवरून उठेनात. मग हळूच विषय निघाला. मुलाने नागपुरात फ्लॅट घेतला आहे. "दोघंच वाईला कशाला राहता? इकडे या," असा त्याचा आणि सूनबाईंचा आग्रह आहे. घर विकायचे की नुसते कुलूप लावायचे, इथपर्यंत गोष्ट आली आहे. "डॉक्टर, तेवढं एकच सांगा," गुरुजी म्हणाले, "नागपूरचं ऊन आम्हाला सोसेल का?"

हा प्रश्न हल्ली मला वरचेवर विचारला जातो. मुले नोकरीनिमित्त नागपूर, अकोला, जळगाव, हैदराबाद अशा ठिकाणी स्थिरावतात आणि साठी-सत्तरीच्या आईवडिलांना बोलावून घेतात. माझे वैद्यकीय शिक्षण नागपुरात झाले, त्यामुळे तिथले उन्हाळे मी अंगावर काढले आहेत. गुरुजींना मी म्हटले, तुम्ही अर्धाच प्रश्न विचारला आहे. उरलेला अर्धा मी लिहूनच कळवतो.

आधी उन्हाचे पाहू. आपल्याकडे पारा अडतीसला टेकला की "काय हा उन्हाळा!" असे आपण म्हणतो. नागपुरात मे महिन्यात दुपारी बेचाळीस-त्रेचाळीस अंश ही नेहमीची गोष्ट. पंचेचाळीसच्या पुढे गेला की मग तिथले लोक उन्हाळ्याबद्दल बोलू लागतात. पण माणसाचे शरीर हे मोठे शिकाऊ यंत्र आहे. रोज थोडे थोडे ऊन मिळाले तर साधारण एक ते दोन आठवड्यांत ते बदलते. रक्तातील पाण्याचा भाग वाढतो, घाम लवकर सुटतो आणि जास्त येतो, घामातून जाणारे मीठ कमी होते, हृदयाची धडधड उतरते. म्हाताऱ्या माणसात हे शिक्षण सावकाश होते आणि पुरतेही होत नाही. शिवाय ते टिकत नाही. थंड जागी काही आठवडे काढले की शरीर सारे विसरते. एप्रिलमध्ये महिनाभर गावी येऊन मेच्या मध्यावर परतणारा माणूस नागपूरच्या उन्हाला पुन्हा नवखाच असतो. उन्हाचे झटके अशा परतलेल्यांना बसलेले मी पाहिले आहेत.

दुसरी फसगत घामाची. कोरड्या हवेत घाम अंगावर दिसतच नाही, फुटताक्षणी उडून जातो. माणसाला वाटते, मला तर घाम येत नाही, मग पाणी कशाला? त्यात वय झाले की तहानही नीट लागत नाही. तेव्हा तिथे तहानेच्या भरवशावर राहू नये. लघवी पिवळी होऊ लागली की पाणी कमी पडते आहे असे समजावे. ताक, पन्हे, लिंबू-मीठ-साखरेचे सरबत उत्तम. मात्र मधुमेह्यांनी साखरेचे भान ठेवावे, आणि ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले आहे त्यांनी माप आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. (खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही, ही समजूत मी विद्यार्थी असताना ऐकली होती आणि आजही ऐकतो. कांदा भाकरीबरोबर खावा. खिशात तो काही करत नाही.)

गुरुजींच्या रक्तदाबाच्या गोळ्यांत एक गोळी लघवी जास्त करवणारी आहे. तीच गोळी मे महिन्यात शरीरातील पाणी आणि क्षार प्रमाणाबाहेर खाली आणू शकते. उठताना चक्कर येते, माणूस पडतो, खुब्याचे हाड मोडते आणि दोष उन्हाच्या वाट्याला कुणी देतही नाही. म्हणून ती गोळी मनाने बंद न करता फेब्रुवारी-मार्चमध्ये डॉक्टरांना भेटून मात्रा तपासून घ्यावी. सर्दी-खाजेच्या काही गोळ्या आणि मानसिक आजारावरील काही औषधे घाम रोखतात किंवा शरीराचे तापमान सांभाळण्यात अडथळा आणतात, तीही दाखवावीत. काकूंचे इन्सुलिन शीतकपाटात, पण बर्फाच्या कप्प्यात नव्हे. प्रवासात ते थंड पिशवीत आणि हाताशी हवे. महाराष्ट्र एक्स्प्रेसने साताऱ्याहून नागपूर गाठायला रात्र धरून बराच वेळ लागतो. उन्हाळ्यात बाकाखालच्या ट्रंकेत ठेवलेले इन्सुलिन पोहोचेपर्यंत कामातून गेलेले असू शकते.

घराबद्दल एक गोष्ट आग्रहाने सांगतो. वरचा मजला टाळा. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ओकतो. आम्ही वसतिगृहात शेवटच्या मजल्यावर राहत असू. रात्री अकरालाही भिंत हाताला ऊन लागायची, मग चादरी ओल्या करून गच्चीवर पथारी टाकायची. विशीत त्यात मौज होती. सत्तरीत रात्रीची विश्रांती मिळाली नाही की दुसऱ्या दिवशीचे ऊन दुप्पट बाधते. वरचाच फ्लॅट घेऊन झाला असेल तर निदान गच्चीला पांढरा रंग किंवा चुना द्यावा आणि पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून ताट्या लावाव्यात. पडदा आतून लावला तर ऊन काचेतून आत आलेलेच असते.

कूलर नागपूरच्या कोरड्या हवेत फार चांगला चालतो. पण त्याच्या समोरची एक खिडकी उघडी हवी, नाहीतर खोली दमट होते आणि गारवा येत नाही. पावसाळी हवा सुरू झाली की कूलरचा उपयोग संपतो. टाकीतले पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकी घासून कोरडी करावी, कारण डेंग्यूचा डास तिथे सुखाने वाढतो. नुसता पंखा मात्र चाळीस अंशांच्या पुढे गरम वाराच अंगावर टाकतो. तेव्हा अंग ओल्या फडक्याने पुसून मग पंख्याखाली बसावे.

हे सारे पैशाने आणि शिस्तीने जमण्यासारखे आहे. आता उरलेला अर्धा प्रश्न.

उष्माघातात शरीराचे तापमान चाळीस अंश सेल्सिअसच्या पुढे जाते आणि मेंदूवर परिणाम होतो. माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो, झोपाळतो, झोकांड्या खातो. म्हणजे "मला काहीतरी होते आहे" हे ज्या मेंदूने ओळखायचे, तोच मेंदू आधी कामातून जातो. पोटात दुखले तर माणूस ओरडतो. ऊन लागलेला माणूस पुष्कळदा गप्प पडून राहतो. त्याचा आजार दुसऱ्यानेच ओळखावा लागतो. दुसरा कुणी नसेल तर?

माझ्या ओळखीच्या एक विधवा बाई मुलीकडे विदर्भात राहायला गेल्या. मुलगी-जावई दोघेही नोकरीला. मेच्या एका दुपारी वीज गेली, कूलर बंद पडला, माठातले पाणीही संपत आले होते. त्यांना तिथे जाऊन दोन महिने झाले होते, पण समोरच्या दारावर थाप मारून पाणी मागावे इतकी कुणाशी ओळख झाली नव्हती. "कुणाला त्रास कशाला द्यायचा," म्हणून दार लावून पडून राहिल्या. संध्याकाळी सहाला मुलगी आली तेव्हा आई तिला ओळखेना. वेळेवर उपचार झाले म्हणून वाचल्या. समोरच्या घरात त्या वेळी चार माणसे होती.

हे एकट्यादुकट्याचे दुर्दैव नव्हे. अमेरिकेतील शिकागो शहरात जुलै १९९५ मध्ये उष्णतेची लाट आली. पारा एकेचाळीसच्या आसपास, म्हणजे नागपूरकर ज्याला बरा दिवस म्हणतील इतकाच. पण हवा दमट होती आणि शहराला सवय नव्हती. एका आठवड्यात नेहमीपेक्षा ७३९ मृत्यू जास्त झाले. कोण दगावले आणि त्यांच्याच परिसरातले कोण वाचले याची तुलना डॉक्टरांनी केली. एकटे राहणारे, घराबाहेर न पडणारे, वरच्या मजल्यावर राहणारे यांना धोका जास्त होता. आणि घरात वातानुकूलन यंत्र असणे किंवा जवळपास मित्रमंडळी असणे यामुळे तो कमी झाला होता. घराबाहेर न पडणाऱ्यांत काही जण आधीच आजारी असणार हे खरे. पण पुढे एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने शेजारशेजारच्या दोन गरीब वस्त्या तपासल्या. दोन्हीकडे एकटे राहणारे म्हातारे पुष्कळ. एकीत रस्त्यावर दुकाने, वर्दळ, येणेजाणे. दुसरीत ओसाड जागा आणि भीतीने बंद दारे. ओसाड वस्तीत मृत्यूचे प्रमाण सुमारे दहापट निघाले. ऊन दोन्हीकडे सारखेच होते.

फ्रान्समध्ये ऑगस्ट २००३ च्या लाटेत सुमारे पंधरा हजार माणसे दगावली, बहुतेक वृद्ध; त्यानंतर तिथे एकट्या राहणाऱ्या वृद्धांची, त्यांची इच्छा असल्यास, गावोगावी नोंद ठेवण्याचा कायदा झाला. आपल्याकडे अहमदाबादेत मे २०१० मध्ये तेराशेहून अधिक जादा मृत्यू झाल्यावर तिथल्या महापालिकेने २०१३ पासून उन्हाळ्याचा आराखडा राबवला. पण महापालिका सूचना देईल. दुपारी तीन वाजता तुमचे दार कोण वाजवणार, हे तुमचे तुम्हालाच पाहावे लागते.

आणि तापट शहरात नेमके हेच अवघड होते. वाईत गुरुजी दिवसातून चार वेळा घाटावर, बाजारात, वाचनालयात जातात. नागपुरात अकरा ते पाच दार बंद. वातानुकूलित खोलीत तर खिडकीही बंद, शेजारी काय चालले आहे ते ऐकूसुद्धा येत नाही. तिथली माणसे आतिथ्यशील आहेत, हे मी पोटभर जेवून सांगतो. पण उन्हाळ्यात त्यांचा दिवस पहाटे पाचला सुरू होतो आणि संध्याकाळी सातनंतर पुन्हा उघडतो. सीताबर्डी, इतवारी, फुटाळा तलाव, सारी गजबज संध्याकाळची. नवख्या माणसाने हे वेळापत्रक उचलले नाही तर त्याला ते शहर निर्जन वाटते. पहाटे फिरायला जाणाऱ्यांच्या टोळक्यात शिरणे हा तिथे ओळखी होण्याचा सर्वांत जवळचा रस्ता. मराठी तिथेही आहेच, वऱ्हाडी-नागपुरी वळणाची. बाजारात हिंदी जास्त. काकूंना हिंदीचा संकोच आहे, तो भाजीवाल्याशी बोलूनच जाईल.

माझे मत विचाराल तर जागा पाहायला मे महिन्यात मुलाकडे चार दिवस जा, तेही प्रकृती धड असेल तर. आणि राहायला ऑक्टोबरात जा. दिवाळीचा फराळ, संक्रांतीचा तिळगूळ, चैत्राचे हळदीकुंकू या निमित्ताने दारे आपोआप उघडतात. ऊन हळूहळू चढते तसे शरीरही शिकते. मेमध्ये सामान उतरवणाऱ्याला दोन्ही संधी मिळत नाहीत. जाताना गावचे घर निदान दोन उन्हाळे विकू नये. परतीची वाट आहे असे वाटले की म्हातारी माणसे नव्या जागी उलट लवकर रुळतात, असा माझा अनुभव आहे.

मुलांनाही सांगायचे आहे. आईवडिलांना नेण्याआधी जिन्यातल्या एका घराशी बोलून ठेवा, किल्ली द्या, दुपारी दोन वाजता फोन करा. फोनवर "ठीक आहे" एवढे ऐकून ठेवू नका. चार वाक्ये बोलवा, शब्द अडखळतात का पाहा. तसे वाटले तर शेजाऱ्यांना लगेच वर पाठवा. त्यांनी माणसाला सावलीत घ्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. रुग्णवाहिका येईपर्यंत थंड करणे थांबवू नये. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये. तापाची गोळी या तापावर चालत नाही.

परवा गुरुजी मुलाला विचारून आलेली उत्तरे एका कागदावर लिहून घेऊन आले. फ्लॅट पाच मजल्यांपैकी तिसऱ्यावर आहे. पश्चिमेला एक खिडकी. दुसऱ्या मजल्यावर निवृत्त पोस्टमास्तर राहतात, ते रोज साडेपाचला फिरायला जातात आणि त्यांना बुद्धिबळाला जोडीदार हवा आहे. ऑक्टोबरची तिकिटे काढायची ठरली आहेत. काकूंच्या भजनी मंडळाचा तपास मात्र अजून लागायचा आहे.