काटकुळ्या पायांचा घोडा

हात टेबलावर पालथा ठेवा. आता मनगट आणि तळवा उचलत उचलत सगळा भार मधल्या बोटाच्या नखावर आणा. जमणार नाही, पण जमलं असतं तर तो घोड्याचा पुढचा पाय झाला असता. घोडा चारही पायांवर असा एकेका बोटाच्या नखावर उभा असतो. त्या नखालाच आपण खूर म्हणतो. पुढच्या पायाचा जो गुडघा वाटतो, ते खरं तर त्याचं मनगट. मनगटाखाली जे लांब, सरळसोट हाड उतरतं, ते आपल्या तळहातातल्या मधल्या हाडाचं भावंड. त्याला इथे नळीचं हाड म्हणू या, कारण सगळी गोष्ट त्याच्याभोवतीच फिरते.

हे हाड हातात घेतलं तर दोन गोष्टी लगेच दिसतात. खालच्या टोकाला सांध्याचा गोलावा असतो आणि त्याच्या मधोमध एक उभी धार. खालचं हाड त्या धारेवर बसतं आणि पुढेमागेच हलतं, बाजूला मुरगळत नाही. दुसरं म्हणजे नळीच्या मागे दोन्ही बाजूंना चिकटलेल्या दोन बारीक काड्या. खाली जाता जाता त्या निमुळत्या होतात आणि मध्येच संपतात. जुन्या तीन बोटी घोड्यांच्या बाजूच्या बोटांची एवढीच खूण उरली आहे.

हिमयुगात उत्तर अमेरिकेत एक लहान चणीचा घोडा होता, त्याची ही नळी लांबीच्या मानाने फारच सडपातळ होती. घोड्याच्या पायात खाली स्नायू जवळजवळ नसतातच. ते वर, खांदा-कोपराकडे असतात आणि खाली फक्त दोरखंडासारख्या कंडरा येतात. कारण साधं आहे. हातोडा दांड्याच्या टोकाला धरून फिरवा, मग डोक्याजवळ धरून फिरवा. वजन तेवढंच, पण दमणूक वेगळी. पायाच्या टोकाशी वजन जितकं कमी, तितकं पाऊल पुढे टाकायला सोपं. बारीक हाड वाकायला लवकर तयार होतं खरं, पण अंगच हलकं असेल तर चालून जातं.

अशीच सडपातळ नळी आशियातल्या रानगाढवांची असते. कच्छच्या छोट्या रणातलं घुडखर त्यांच्यातलंच. त्यामुळे अमेरिकेतला हा घोडा म्हणजे रानगाढवांचाच भाऊबंद, असं अनेक अभ्यासकांना वाटत होतं. त्यांना दोष देता येत नाही. समोर फक्त हाडं असताना हाडांवरूनच बोलायचं, नाहीतर गप्प बसायचं.

उत्तर निघालं ते बरंचसं चिखलातून. कॅनडातल्या युकॉन प्रांतात, क्लॉन्डाइकच्या सोन्याच्या खाणींत, गोठलेली माती पाण्याच्या मोठ्या फवाऱ्यांनी धुऊन काढतात. सोन्याआधी बाहेर येतात मॅमथ, बायसन आणि घोड्यांची हाडं. हजारो वर्षांच्या थंडीने त्यांच्यातला डीएनए टिकवून ठेवलेला असतो. या खाणींतली हाडं, शिवाय नेवाडातली जिप्सम केव्ह आणि वायोमिंगमधली नॅचरल ट्रॅप केव्ह इथली हाडं, असे 26 नमुने तपासून पीटर हाइन्ट्झमन, बेथ शापिरो आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये निकाल जाहीर केला. हा प्राणी रानगाढवांचा सख्खा तर नव्हेच, पण आजचे घोडे, गाढवं आणि झेब्रे ज्या ‘इक्वस’ प्रजातीत बसतात त्या प्रजातीतलाच नव्हे. त्याची फांदी सुमारे 40 ते 60 लाख वर्षांपूर्वीच वेगळी झाली होती. म्हणजे सडपातळ नळी दोन्हीकडे स्वतंत्रपणे घडली. सुमारे 17,000 वर्षांपूर्वीपर्यंत हा घोडा तग धरून होता.

नवी प्रजाती म्हणजे नवं नाव. ‘हॅरिंग्टनहिप्पस’ हे रिचर्ड हॅरिंग्टन यांच्यावरून. कॅनडाच्या उत्तरेतले हिमयुगीन जीवाश्म अभ्यासण्यात त्यांची हयात गेली आणि हे काटकुळे पाय त्यांनी 1970च्या दशकाच्या सुरुवातीलाच नोंदवले होते. पण टेक्ससमधल्या जीवाश्मावरून ऑलिव्हर हे यांनी 1915 मध्येच या जातीला ‘फ्रान्सिस्की’ म्हटलं होतं आणि नामकरणाच्या नियमाने जुनं जातिनाम तसंच राहतं. ते मार्क फ्रान्सिस यांचं. हे गृहस्थ टेक्ससमध्ये गुरांच्या गोचीडतापाशी झुंजणारे पशुवैद्य होते. जीवाश्म गोळा करणं हा त्यांचा छंद.