तणनाशक आणि ओढ्यातली गोगलगाय

उसात किंवा मक्यात ॲट्राझिन फवारलं आणि लगेच पाऊस आला, की त्याचा अंश ओढ्यात उतरतो. औषध तणाचं, मग तिथल्या गोगलगायींना काय त्रास, असं वाटतं ना? पण ग्लायफोसेट या दुसऱ्या तणनाशकाच्या अनेक उत्पादनांत ते पानात मुरावं म्हणून साबणासारखा पदार्थ मिसळतात. पाण्यातल्या जीवांना बऱ्याचदा मूळ रसायनापेक्षा तोच जास्त बाधतो. आपल्याकडची बेलामिया ही गोगलगाय तर कल्ल्यांनी श्वास घेते. शंखाचं झाकण मिटलं तरी शेवटी श्वास त्याच पाण्यातून! कृपया फवारणीचा पंप ओढ्यात धुऊ नका.

मला सगळ्यात हादरवलं ते अमेरिकेतल्या मिनेसोटामधल्या पाणथळींवरच्या संशोधनानं (‘नेचर’, 2008). ॲट्राझिननं पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ मरतं, पाणी नितळ होतं, ऊन खोल पोचतं. मग तळाचं शेवाळ माजतं आणि ते खाणाऱ्या गोगलगायी उलट वाढतात! पण त्यांच्या अंगात वाढणारे चपटे कृमीही वाढतात, बाहेर पडून बेडकांच्या पिल्लांत शिरतात. आणि त्याच ॲट्राझिननं बेडकांची प्रतिकारशक्तीही खचलेली असते.